सतरा आडवे

सुतार सकाळपासून डोक्यात राख घालून बसला होता.

आठवडाभर रोज हेच चाललं होतं. पेपर टेबलावर ठेवून तो आंघोळीला जायचा आणि येऊन बघतो तर शब्दकोड्याची अर्धी घरं भरलेली. उत्तरं बरोबर असायची, याचीच जास्त चीड.

"मला मदत नकोय, कितीदा सांगू?" तो बायकोवर ओरडला.

"अहो, मला सामानाची यादी लिहायचा कंटाळा, तुमची कोडी कोण सोडवतंय! आणि अक्षर बघा की, जाडंभरडं. तुमच्याच पेन्सिलीचं आहे."

सुताराची पेन्सिल उजव्या कानामागे असायची. तीस वर्षं तिथेच होती. तो आंघोळही तिच्यासकटच करायचा.

शेवटी त्याने जाहीर केलं, आज कोडं एकट्याने सुटलं नाही तर पेपर कायमचा बंद. त्याने पेपर दारातच हिसकावला, खाली ठेवलाच नाही, आणि पारोसाच पेनाने घरं भरत सुटला.

सगळं सुटलं. फक्त सतरा आडवे राहिलं. अकरा वाजले, बारा वाजले.

समोर बायको दोन्ही हातांनी लोकर गुंडाळत होती. "घ्या हो मदत. पेपर बंद झाला तर दिवसभर माझं डोकं खाल."

सुताराने दातओठ खाल्ले. "बरं बाबा, जो कोण असशील तो, लिही एकदाचं!"

बायकोचे हात थांबले. ती त्याच्या उजव्या कानाकडे बघत होती.

कानामागची पेन्सिल, एकही केस न ओढता, सावकाश बाहेर सरकू लागली.