काठोकाठ कॅन

वहिनी, बसा जरा, शेवंताकाकूंच्या घरची एक गंमत सांगतो.

काकूंची सून वनिता. वर्षभरात तिचं तोंड भोपळ्यासारखं गरगरीत झालं अन् हातपाय काड्या. गाव म्हणायचं, "सासू चांगली चारती हो!" काकूंचा मात्र जीव तुटायचा. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते, तिचं हार्मोन जास्त झालंय का ते लघवीत मोजून बघू. लॅबवाल्यानं पाच लिटरचा कॅन दिला. दिवसरात्रीची सगळी लघवी त्यात साठवायची.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बघितलं, तर कॅन अर्धासुद्धा नाही. परक्याचं भांडं असं परत द्यायचं? त्या शेजारणीची वाटीही कधी रिकामी धाडत नाहीत.

लॅबवाल्याचे डोळेच फाटले. "काकू, काठोकाठ? एकटीची?"

"कमी पडली ती मी घातली, ह्यांनी घातली," काकू ताठ मानेनं म्हणाल्या. "पोरीच्या कामाला काही उणं नको."

त्यानं कपाळावर हात मारला. वनिता मात्र कित्येक महिन्यांनी पोट धरून हसली. काकूंना कळेना, आपलं चुकलं की बरं झालं.

आज सकाळपासून दुसरा कॅन लावलाय. काकूंनी देवाची शपथ घेतलीय, तरी घडीघडी तो उचलून बघतात अन् हळहळतात. तेव्हा वहिनी, एवढं करा. पापडाचं निमित्त सांगून काकूंना उद्या सकाळपर्यंत तुमच्याकडंच ठेवून घ्या. अन् जमलं तर काकांनाही.