आवाजाची रांग

"कोण आहे ते सापडलं की आजच घरी पाठवा, साहेब," ती म्हणाली. "अँब्युलन्सच्या लाइनवर डल्ला मारणाऱ्याला कसली दयामाया?"

"दिला शब्द," साहेब म्हणाले.

कंट्रोल रूममधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. तीन दिवस फोनवरचा आवाज तुटत होता. आज सकाळी एका बाईने रडत सांगितलेला पत्ता अर्धाच पोचला आणि गाडी वीस मिनिटं गल्ल्या धुंडाळत राहिली. तिचे सासरे थोडक्यात वाचले.

ती या सोमवारीच इथलं नेटवर्क सांभाळायला रुजू झालेली. आल्या आल्या तिने राउटरवर वर्गवारी बसवली: फोनवरच्या बोलण्याचे डेटा-तुकडे, म्हणजे पाकिटं, पहिल्या रांगेत, ईमेल, नकाशे, बाकी सगळं मागे. बसवून थांबली नाही; टेबलाखालच्या एका जुन्या मशीनमधून जाडजूड खोटे फोन सोडून त्या रांगेचा कस लावूनही पाहिला. साहेब खूश झाले. फोन घेणाऱ्या मावशींनी तिचं नाव ‘मोजपट्टी’ पाडलं.

"काय मोजपट्टी, दिसला का चोर?" मावशींनी विचारलं.

"दिसला." खुर्चीत बसल्या बसल्या तिने स्क्रीन वळवली. "राउटर पाकिटावरची खूण वाचतो. हा पठ्ठ्या ‘मी आवाज आहे’ अशी खूण लावून पहिल्या रांगेत घुसतोय. पण बोलण्याची पाकिटं छोटी असतात. याची बघा, एकजात फुगलेली! खुणेवर जाऊ नये, मावशी. चाल बघावी."

"अगं, आमचा जावई बघायला गेलो तेव्हा कुठे होतीस तू?"

सगळे हसले. तिची मान आणखी ताठ झाली. आज घरी बाबांना हे कुठून सांगायला सुरुवात करायची, तेही तिने ठरवून टाकलं.

"येतोय कुठून?" साहेबांनी विचारलं.

"चौदा नंबरच्या केबलमधून."

वायरमनकाका केबल हाताने चाचपत निघाले. केबल साहेबांच्या केबिनपाशी न वळता पुढे गेली, तसे साहेब मोकळेपणाने हसले. मावशींच्या पायांशेजारून गेली, तेव्हा मावशींनी उगाच पाय वर घेतले. कपाटामागून काका केबल धरून रांगत बाहेर आले, तिच्या टेबलापाशी थांबले आणि वर तिच्याकडे बघितलं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "जरा खुर्ची सरकव."