सळई

भरतीनं कासविणीचा माग पुसून टाकला, तेव्हा सगळ्यांनी दाजीकडे पाहिलं. तिनं पुरलेली अंडी हुडकून कुंपण घातलं नसतं, तर कुत्र्यांनी ती उकरली असती. दाजीनं उभा जन्म हीच अंडी काढून विकली होती. गेल्या शिमग्यात देवाला गाऱ्हाणं घालून तो धंदा सोडला होता. जुनी सळई घेऊन तो सवयीनं वाळूत खुपसत गेला. पाचव्या वेळी टोकाला बलक लागून आला. “गावली,” तो हरखून म्हणाला, आणि मग फुटलेल्या अंड्याचा तो ओघळ बोटानं पुसत राहिला. पुतणीनं भोवती जाळं बांधलं. आधाराला त्यानं सळईच रोवली. पन्नासाव्या सकाळी पिल्लं वर आली, रांगत लाटांत शिरली. माणसं पांगली. दाजी सळईजवळ बसून राहिला. “काकानू, चला, सगळी गेली,” पुतणी म्हणाली. “सगळी खंय गो?” त्यानं वाळूवरून हात फिरवला. “एक ऱ्हवला मा.”