तात्यांचा शेवट

"ज्याला पुस्तकाचा शेवट सोसत नाही, त्यानं आयुष्याच्या वाटेला जाऊ नये!" वाचक कट्ट्यावर असं ठणकावून तात्या निमकरांनी हातातली कादंबरी उंचावली. नुकतीच आपण ही वाचून संपवली, असं सांगत पुरात सापडलेला नावाडी शेवटी घरी परततो आणि बायकोच्या हातचं गरम पिठलं खातो, हा प्रसंग त्यांनी अगदी रंगवून सांगितला.

कट्ट्यावर नव्यानं आलेल्या लेलेबाई चाचरल्या. "पण तात्या, नावाडी बुडतो ना? मुखपृष्ठावरसुद्धा उलटी झालेली नाव आहे."

तात्यांना इतके दिवस ते चित्र डोंगराचं वाटत होतं. त्यांनी मागच्या रांगेतल्या बायकोकडे पाहिलं. रोज दुपारी दार लावून तीच त्यांना पुस्तक वाचून दाखवते, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, तुमची अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी कुणालाच मरू दिलं नाही," ती हळूच म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे मागच्या महिन्याच्या पुस्तकातली ती आजारी शिक्षिका?" तात्यांनी विचारलं.

"तीही गेली."

शेवटी त्या शिक्षिकेचं लग्न होतं, यावर तात्या इथंच अर्धा तास बोलले होते. लोकांनी तो त्यांनी लावलेला खोल अर्थ समजून टाळ्याही वाजवल्या होत्या.

तात्यांचे कान तापले. पुढचं पुस्तक निवडायची पाळी नेमकी त्यांचीच होती. कट्ट्याच्या चिटणीसांनी विचारलं, तेव्हा ते पायातल्या चपलांकडे बघत पुटपुटले, "कुठलंही चालेल हो. फक्त अक्षर तेवढं मोठं बघा."