सरळ वाट

नळ सकाळपासून कोरडा होता. पाणीखात्याच्या माणसाने यंत्र फिरवून जमिनीखालचा पाइप शोधला आणि निळ्या झेंड्या रोवत तो दारापासून रस्त्याकडे निघाला. मोरेश्वरराव पायरीवर उभे राहून बघत होते. चौथ्या झेंडीला ते पायरी उतरून खाली आले. झेंड्या त्यांच्याच वाटेवरून चालल्या होत्या.

अमेरिकेत डलूथला लेकीकडे आल्यापासून दोन महिने ते रोज दुपारी अंगणातला बर्फ उपसत होते. भूमापन खात्यात जन्म गेलेला माणूस! वाट अशी काढली होती, की कुणीही दोरी लावून तपासावी. दारापासून रस्त्यापर्यंतची सगळ्यात जवळची रेघ त्यांनी धरली. पाइप टाकणाऱ्यानेही कधीकाळी तीच धरली होती.

तो माणूस शरयूशी इंग्रजीत बोलत राहिला. ऐकता ऐकता तिने एकदा बाबांकडे पाहिलं.

"बाबा, बर्फ म्हणजे पाइपाची गोधडी असते म्हणे. ती काढली की थंडी खोल उतरते आणि पाइपातलं पाणी गोठतं. तो आत्ता गरम पाणी सोडून पाइप मोकळा करेल, पण बर्फ परत टाकायला सांगितलाय." मग तिला राहवेना. "ड्राइव्हवे क्लीअर होता ना? मग ही वाट कशाला काढलीत? मला आजचं प्रेझेंटेशन कॅन्सल करावं लागलं!"

"चुकलंच माझं," मोरेश्वरराव म्हणाले. हातमोजे काढून त्यांनी पुन्हा घातले. "खिडकीतून काय, ड्राइव्हवेवरून काय, तुझी गाडी दारात आल्यावरच दिसते गं. रस्त्याकडेला पत्रपेटीपाशी उभं राहिलं की पार वळणापासून दिसते. तेवढीच दोन मिनिटं जास्त."

"मला वाटायचं, तुम्ही वॉकला बाहेर पडता."

"छे. या थंडीत कोण वॉकला जातंय!"

शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं. घरी खिडकी होती, रस्ताही होता, पण त्या रस्त्यावरून शरयूची गाडी येणार नव्हती. हे त्यांना आतून फार लागत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारी नळाला पाणी आलं. मग दोघांनी फावडी घेतली आणि दोन महिन्यांची वाट बुजवायला सुरुवात केली. बर्फ भुसभुशीत होता, काम भराभर उरकलं.

शेवटच्या झेंडीपासून चार पावलं बाजूला, पत्रपेटीजवळ, बर्फात एक गोल घट्ट तुडवलेला होता. जेमतेम दोन पावलं मावतील एवढाच. मोरेश्वररावांनी त्यावर टाकायला फावडं भरून उचललं.

शरयूने मध्ये येऊन फावड्याचा दांडा धरला. मग ती स्वतःच त्या गोलात जाऊन उभी राहिली आणि वळणाकडे बघत राहिली. वळण खरंच लांब होतं.

"हे राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "इथून पाइप जात नाही."