'देणे' हे सहायक क्रियापद

आमचे कुराहाशीकाका मात्सुएच्या शाळेत चाळीस वर्षं जपानी व्याकरण शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी घरातच वर्ग भरवला. स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात हे ठाऊक नसलेल्या या पंडिताची विद्यार्थिनी एकच, तोमिएकाकू.

ती "मी बहिणीकडे जाते" म्हणाली, की सूपचा वाडगा आपटून हे सुरू. "'जाते' काय? 'मला जाऊ द्यावं' म्हण! 'देणे' हे सहायक क्रियापद कशासाठी असतं? समोरच्याची परवानगी मागायला!" काकू मुकाट्यानं वाक्य सुधारून पुन्हा म्हणायची.

मंगळवारी सकाळी काकूनं टेबलावर घटस्फोटाचा अर्ज ठेवला, सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारलेला. शेजारी दोन शब्दांची चिठ्ठी: 'मी जाते.'

काकांनी अर्जाकडे बघितलंही नाही. आधी लाल पेन काढलं आणि चिठ्ठीवर फुली मारली. "इतकी वर्षं डोकं फोडलं, तरी सहायक क्रियापद विसरलीसच ना!"

दारात बूट चढवत काकू म्हणाली,



"विसरले नाही हो. परवानगी मागायची असेल तरच ते लागतं, तुम्हीच शिकवलंत ना?"