न वाजणारा डबा

आमिनानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, मैनाबाईच्या कानाशी नेला आणि हलवला.

"ओळख."

मैनाबाईनं मान फिरवली. समोर डॉक्टर रागिणी मॅडमच्या खोलीचं दार होतं. कोणतं ऑपरेशन करायचं ते अर्ध्या तासात ठरवून या, असं मॅडमनं सांगितलं होतं. शरीर तुमचं, तुम्हीच ठरवा. अठ्ठावन्न वर्षांत मैनाबाईला असं कोणी म्हटलं नव्हतं. साडीचा रंगसुद्धा नवरा, किसनराव ठरवायचे.

चार वर्षं झाली होती. खोकला, शिंक, हसू, काही आलं की लघवी सुटायची. मॅडमनं दिलेले व्यायाम वर्षभर करून झाले, भागलं नाही. खोकला अन् शिंक काही कोणाच्या हातात नसते. हसणं तेवढं हातात होतं, म्हणून मैनाबाईनं तेच बंद केलं. तेल्हाऱ्यात लग्न असो की बारसं, ही आपली दाराजवळच्या खुर्चीवर, तोंड मिटून. सून आली अन् मैनाबाईला मिजास चढली, असं लोक म्हणायचे.

घरी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. किसनराव बिचारे रोज संध्याकाळी तेल चोळून द्यायचे, चांगल्याभल्या गुडघ्याला. अकोला जवळ होतं, पण अकोल्याच्या दवाखान्यात अर्धं तेल्हारा भेटते, म्हणून दोघी थेट अमरावतीला आल्या होत्या. एसटीत, मुठी आवळून.

मॅडमनं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. एक होती लघवीच्या वाटेला खालून आधार देणारी जाळीची पट्टी. थोड्या वेळाचं काम, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी घरी. पण जाळी जन्मभर आत राहणार, एखादीला पुढे टोचते, अन् मग काढणं अवघड. दुसरी पट्टी स्वतःच्याच पोटाच्या पडद्यातून कापून घ्यायची. परकं काही आत राहत नाही, पण चिरा मोठा, चार दिवस दवाखाना, आणि सुरुवातीला लघवी अडली तर काही दिवस नळी. इंजेक्शनही होतं. ते सोपं, पण जोर कमी, आणि पुन्हा घ्यावं लागू शकतं. बऱ्याच जणींना फरक पडतो, म्हणाल्या, गॅरंटी मात्र कशाचीच नाही.

मैनाबाईच्या डोक्यात सगळ्याचा काला झाला होता. आमिना चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेली, तिला चित्र एका नजरेत कळलं होतं.

"हे पाह्य मैना," ती म्हणाली, "ठिगळ दोन तऱ्हेचं. बजारातलं कापड लावलं तं काम झटपट, पण ते कसं वागते ते मंग समजते. लुगड्याचंच कापड लावलं तं मेळ बसते, पण पयले पदर कापा लागते. मी दोनी लावले, दोनी टिकतात. गिऱ्हाईकाले फक्त इचारा लागते, बाई, तुले घाई हाय का?"

"मले काहाची घाई?"

"मंग पदराचं कर. अन् गुडघ्याले एका दिवसात घरी कोन सोडते? चार दिवस तं पायजेच. तुयं खोटं बी निभते."

मैनाबाईचे ओठ हलले. तिनं ते दाताखाली दाबून धरले.

आमिनानं ते बरोबर टिपलं. पुन्हा डबा हलवला. कसलाच आवाज नाही.

लहानपणी दोघींच्या गल्लीत भुलाबाईच्या महिन्यात रोज संध्याकाळी पोरींची गाणी झाली की खिरापतीचा डबा असाच हलायचा, आणि आवाजावरून आत काय ते पोरींनी ओळखायचं. फुटाणे खडखडायचे, मुरमुरे सळसळायचे, शिरा गप्प. आमिनाच्या घरी भुलाबाई मांडत नसत, पण शेजारी डबा ओळखायला ही सगळ्यांच्या पुढे. एक दिवस म्हणाली, आज खिरापत माझी. डबा धपधप वाजला. पोरी ओळखून थकल्या. झाकण उघडलं आणि बेडूक थेट मैनाच्या आत्याच्या मांडीवर. मैना इतकी हसली, इतकी हसली, की परकर ओला झाला. कोणी पाहायच्या आत आमिनानं पाण्याची अख्खी घागर सगळ्या पोरींवर पालथी केली. मार आमिनानं खाल्ला. परकराचं दोघींतच राहिलं.

"ओळख ना वं," आमिना म्हणाली.

मैनाबाई डब्याकडे पाहत राहिली. चेहरा अगदी सरळ.

"बेंडूक."

मग ते आलं. आधी नाकातून, मग पोटातून, चार वर्षांचं साठलेलं. दोघी बाकावर एकमेकींवर कलंडल्या. समोर बसलेली गर्भार पोरगी काही न समजताच हसायला लागली. आणि मैनाबाई मधेच गप्प झाली. तिनं साडीकडे पाहिलं नाही. आमिनाकडे पाहिलं.

आमिनाचा हात आधीच पाण्याच्या बाटलीवर होता. तिनं झाकण काढलं आणि बाटली दोघींच्या मांड्यांवर उपडी केली.

सीमा सिस्टर धावत आली. हे काय करून ठेवलं, म्हणाली.

"झाकन ढिल्लं होतं," आमिना म्हणाली.

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"बाटली नाई सिस्टर. मी हसली."

सिस्टर आवाज खाली आणून म्हणाली, मॅडम बोलावतात, ठरलं का?

"ठरलं. माह्याच पदराचं," मैनाबाई म्हणाली. उठायला गेली, पण ओली साडी अंगाला चिकटली होती, तशीच खाली बसली.

आमिनानं डबा तिच्या हातात दिला. मैनाबाईनं झाकण काढलं. आत घडी घातलेला परकर होता, नवा शिवलेला. नाडी ओवून ठेवलेली.